फोटोवर केलेलं काम साठतं कुठे? एडिटिंग सॉफ्टवेअर निवडण्याआधी एवढं समजून घ्या

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे आम्ही नांदूरमध्यमेश्वरला गेलो होतो. मी आणि आमच्या सोसायटीतला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा. त्याने नुकताच निकॉनचा एक जुना कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स विकत घेतली होती. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे अभयारण्य, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं, नाशिकहून साधारण ४० किलोमीटरवर. मनोऱ्यावर पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. सूर्य वर आला, चित्रबलाकांचा थवा उठला आणि त्याने एका दमात तीसेक फोटो काढले.

परतताना मिसळ खायला थांबलो तेव्हा तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघत होता. पक्ष्याची पाठ पांढरीफटक झालेली, धुकं निळसर आणि मेलेलं. "काकू, हे नीट करायला कोणतं सॉफ्टवेअर टाकू? कॉलेजात प्रत्येक जण वेगळंच नाव सांगतो."

हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. उत्तर म्हणून सगळे नावं सांगतात. पण नावापर्यंत जाण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: तुमच्या फाइलमध्ये मुळात काय असतं, आणि तुम्ही तिच्यावर केलेलं काम कुठे साठवलं जातं. दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते निवड तिच्यावरच व्हायला हवी.

आधी फाइल. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक ठिपके असतात. त्यातल्या कुठल्याच ठिपक्याला रंग कळत नाही, त्याला फक्त उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते. दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही रचना कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, १९७६ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. म्हणजे प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग आजूबाजूच्या ठिपक्यांवरून हिशेबाने काढावे लागतात. हा हिशेब कॅमेऱ्यानेच करून, त्यात आपल्या मनाने रंग आणि उठाव भरून, फाइल दाबून लहान करून दिली की ती जेपेग. हिशेब न करता मोजलेला उजेड तसाच ठेवला की ती रॉ.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला सोपं आहे. द्राक्षाचा बेदाणा करता येतो, बेदाण्याचं द्राक्ष करता येत नाही. जेपेग हा बेदाणा. तो टिकतो, कुणालाही पटकन देता येतो, वाईट नसतो. पण त्यातून जे उडून गेलं ते गेलं.

किती उडतं? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. रोजच्या उन्हातल्या फोटोला २५६ पायऱ्या पुरतात, डोळ्याला फरक दिसत नाही. फरक दिसतो तो धुक्यासारख्या ठिकाणी, जिथे राखाडी रंग अगदी हळूहळू बदलत जातो. धुक्यात उठाव आणायला तुम्ही त्या थोड्याशा पायऱ्या ताणता, आणि मऊ धुक्याच्या जागी पट्टे दिसायला लागतात. रॉमध्ये ताणायला भरपूर पायऱ्या असतात. पांढऱ्या पाठीचंही तेच. जेपेगमध्ये कोरी दिसणारी पाठ रॉमध्ये बऱ्याचदा पिसांसकट परत मिळते. बऱ्याचदा, नेहमी नाही. सेन्सरचाच ठिपका काठोकाठ भरून सांडला असेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते पीस परत आणणार नाही.

त्या मुलाने सुदैवाने दोन्ही प्रकारात फोटो काढले होते.

हा रंगाचा हिशेब प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने करतं. म्हणून एकच रॉ फाइल दोन ठिकाणी उघडली की दोन वेगळे फोटो दिसतात. नवखा माणूस इथे फसतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तजेलदार दिसलेला फोटो संगणकावर उघडल्यावर फिका दिसतो आणि त्याला वाटतं सॉफ्टवेअरच खराब. तसं नसतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतं ते जेपेगचं रूप. सॉफ्टवेअर तुमच्यापुढे ठेवतं तो कच्चा माल, किंवा त्याचा स्वतःचा अंदाज. कॅमेऱ्यात दिसला तसाच फोटो सुरुवातीला हवा असेल तर कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर वापरावं. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, सोनीचं इमेजिंग एज. ही मोफत आहेत, आणि कॅमेरा घेऊन वर्षं झालेल्या कितीतरी लोकांना ती आहेत हेच ठाऊक नसतं. त्यांची अडचण एकच: ती आपल्याच कंपनीच्या रॉ फाइलला ओळखतात. उद्या कॅमेरा बदलला की घर बदलावं लागतं.

आता दुसरी, माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट.

रोल धुवायला टाकायच्या काळात निगेटिव्ह कुणी खोडत नसे. तिच्यावरून हवे तितके प्रिंट काढायचे, निगेटिव्ह पाकिटात परत. रॉचं सॉफ्टवेअर तसंच चालतं. तुम्ही उजेड वाढवला, कडा कापल्या, निळसरपणा काढला, तरी मूळ फाइलला धक्का लागत नाही. सॉफ्टवेअर फक्त एक चिठ्ठी लिहून ठेवतं: या फोटोचा उजेड इतका वाढवा, इथून कापा, इथला डाग झाका. पडद्यावर दिसतो तो फोटो ती चिठ्ठी वाचून त्या क्षणी तयार केलेला असतो. एक्स्पोर्ट केलं की नवी जेपेग बनते, मूळ फाइल होती तशीच राहते.

तर ही चिठ्ठी कुठे ठेवली जाते? हा प्रश्न मला फार महाग पडला.

२०१५ च्या सिंहस्थात मी रामकुंडावर पहाटेपासून उभी राहून फोटो काढले होते. ओल्या पायऱ्यांवर दिव्यांचा पिवळा उजेड आणि वर आभाळाचा निळा, असे दोन रंग एकाच फोटोत. त्यांचा मेळ घालायला मी जवळजवळ वर्षभर रोज रात्री थोडं थोडं बसत होते. रॉ फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर होत्या. चिठ्ठ्या मात्र सगळ्या एकत्र, एका कॅटलॉगमध्ये, आणि तो कॅटलॉग लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर. हे मला माहीतच नव्हतं. लॅपटॉप दुरुस्तीला दिला, तिथे न विचारता फॉरमॅट झाला. घरी येऊन हार्ड डिस्क जोडली. फोटो सगळे होते. एकावरही माझं काम नव्हतं. रामकुंडाचा पहिला फोटो उघडला तर तो कॅमेऱ्यातून आला त्या दिवशी दिसत होता तसाच, पिवळाधमक. तो बराच वेळ बघत बसल्याचं आठवतं.

साधारण दोन पद्धती आहेत. एकीत सगळ्या चिठ्ठ्या एकाच मोठ्या वहीत लिहिल्या जातात, तिला कॅटलॉग म्हणतात. लाइटरूम क्लासिक असं चालतं. शोधाशोध झटपट होते, हजारो फोटोंतून 'चित्रबलाक, जानेवारी, चार तारे' असं मागितलं की समोर येतं. पण ती वही कुठे आहे हे तुम्हाला माहीत हवं आणि तिची वेगळी प्रत ठेवायला हवी. दुसरीत प्रत्येक फोटोशेजारी त्याची चिठ्ठी, एक छोटी फाइल म्हणून, त्याच फोल्डरमध्ये ठेवली जाते. डार्कटेबल असं करतं, त्याच्या चिठ्ठीच्या नावाशेवटी एक्सएमपी असतं. रॉथेरपीची चिठ्ठी पीपी३ नावाने ओळखू येते. फोल्डर उचलून दुसरीकडे नेला की काम बरोबर जातं. लाइटरूम क्लासिकलाही शेजारी चिठ्ठी लिहायला सांगता येतं, सेटिंगमध्ये तो पर्याय आहे, पण आपणहून चालू नसतो. तुम्ही ते वापरत असाल तर हा लेख बाजूला ठेवून आधी तेवढं करा.

शेजारी चिठ्ठी असली तरी ती दुसऱ्या सॉफ्टवेअरला पूर्ण वाचता येईलच असं मात्र नाही. तारे, कीवर्ड, नावं सहसा इकडून तिकडे जातात. उजेड-रंगाचे आकडे नीट जात नाहीत, कारण प्रत्येकाचा हिशेब वेगळा. म्हणून जे फोटो आयुष्यभर जपायचे आहेत, घरातलं लग्न, आजीचा शेवटचा वाढदिवस, ते पूर्ण झाल्यावर १६ बिटची टिफ फाइल (तपशील न गमावता फोटो साठवणारा प्रकार) म्हणूनही काढून ठेवावेत. फाइल मोठी होते, पण ती कुठेही उघडते.

आता नावं.

लाइटरूम २००७ पासून आहे आणि हौशी माणसाला शिकायला ते सगळ्यात सोपं, हे मान्य करायला हवं. पक्षी किंवा आभाळ एका क्लिकवर वेगळं निवडून देतं. २०२३ पासून त्यात एआयने नॉइज, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोवर दिसणारे दाणे, काढायची सोय आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ला ठेवून काढलेल्या पक्ष्यांसाठी ती खरोखर उपयोगी पडते. मोबाइल, टॅब, संगणक सगळीकडे एकच फोटो पुढे चालवता येतो. अडचण पैशांची आहे. कायमचं विकत मिळणारं शेवटचं लाइटरूम, सहावं, २०१५ साली आलं. आता फक्त भाडं, म्हणजे सबस्क्रिप्शन. भाडं थांबवलं तर क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात. फोटो सुधारायचा मुख्य विभाग मात्र बंद होतो. भाडं देण्यात गैर काही नाही, पण देण्याआधी पाच वर्षांच्या भाड्याची बेरीज करा आणि तेवढ्या पैशांत कोणती लेन्स येते ते बघा. दर आठवड्याला फोटो काढत असाल तर भाडं वसूल होतं. दिवाळी, गावची जत्रा आणि वर्षातून एक सहल एवढंच असेल तर नाही होत.

डार्कटेबल मोफत आहे, जगभरातल्या हौशी आणि जाणकार लोकांनी मिळून बनवलेलं. पैसे मागत नाही, वेळ मागतं. फोटो निवडायच्या भागाला त्यात लाइटटेबल म्हणतात आणि सुधारायच्या भागाला डार्करूम, जुन्या स्टुडिओसारखं. मोड्यूल इतके आहेत की पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. मला हात बसायला दोन महिन्यांचे रविवार लागले. एक युक्ती सांगते: सुरुवातीला पाचच गोष्टींना हात लावा. एक्सपोजर (एकूण उजेड), रंगाचा तोल, टोन मॅपिंग (फार उजळ आणि फार गडद भाग आवरणं), क्रॉप, नॉइज. बाकी सगळं आहे हे विसरून जा. आज माझं बहुतेक काम यातच होतं. मी याची शिफारस करते ते मोफत आहे म्हणून नाही, माझ्या फोल्डरमध्ये माझं काम माझ्याजवळ राहतं म्हणून.

रॉथेरपीही मोफत. रॉमधून बारीक तपशील काढण्यात फार चांगलं. किल्ल्यांचे, पांडवलेण्यातल्या कोरीव कामाचे फोटो काढणाऱ्याने एकदा तरी वापरून बघावं.

फोटोशॉप आणि गिंप यांचं काम वेगळं आहे. इथे चित्राच्या ठिपक्यांनाच हात घातला जातो. दोन फोटो एकत्र करायचे, मागची विजेची तार काढायची, पोस्टर बनवायचं, अशा कामांना. गिंप मोफत आहे, पण ते स्वतः रॉ उघडत नाही, आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे पाठवतं. हौशी फोटोग्राफरला शंभरातल्या पाच-सात फोटोंसाठी याची गरज पडते. तरी लोक सुरुवात फोटोशॉपपासून करतात, कारण नाव तेच ऐकलेलं असतं.

आणि मोबाइल. फोटो मोबाइलवरच काढत असाल आणि मोबाइलवरच दाखवत असाल, तर संगणकाकडे वळूच नका. स्नॅपसीड मोफत आहे आणि भरपूर आहे. त्यातला 'सिलेक्टिव्ह' शिका. बोट ठेवलं तेवढ्याच भागाचा उजेड बदलतो. चेहऱ्यावरची सावली काढायला याहून सोपं मी काही पाहिलेलं नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. त्या मुलाकडे मित्राने दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये महागड्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत होती. ती टाकण्यासाठी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना सोबत. ज्या लॅपटॉपवर घरच्या बँकेचे व्यवहार होतात त्यावर हे करायचं? शिवाय अशा प्रतीला अपडेट मिळत नाहीत, म्हणून नव्या कॅमेऱ्याची रॉ ती उघडतही नाही. आणि ती बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं घातलेल्या कष्टाचं काय? मोफत आणि सरळ मार्गाने इतकं चांगलं मिळत असताना चोरीची गरजच उरलेली नाही. मी त्याला तो पेनड्राइव्ह तिथेच पुसायला लावला.

सॉफ्टवेअर ठरवण्याआधी आपला लॅपटॉप काय पेलतो तेही बघावं. ८ जीबी रॅमवर काम होतं, पण प्रत्येक स्लायडरमागे थांबावं लागतं. १६ जीबी आणि एसएसडी असली की मन लागतं. एआयने नॉइज काढायचा तर चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, नाहीतर एकेका फोटोला कित्येक मिनिटं जातात.

पडद्याकडे तर कुणी बघतच नाही. पडदा किती रंग दाखवतो ते एनटीएससी किंवा एसआरजीबी या मापांत सांगतात. लॅपटॉपच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं दिसलं तर समजा की साध्या एसआरजीबीतले साधारण दोन तृतीयांशच रंग त्या पडद्यावर दिसतील. चित्रबलाकाच्या शेपटीजवळचा गुलाबी तुम्हाला फिका दिसेल, तुम्ही तो वाढवाल आणि दुसऱ्याच्या चांगल्या पडद्यावर तो पक्षी जिलेबीसारखा दिसेल. निदान '१०० टक्के एसआरजीबी' तरी हवा. आणि ब्राइटनेस कमी ठेवा. मी पूर्ण उजेडावर काम करून १२ बाय १८ इंचाचे प्रिंट काढायला दिले होते, आले ते काळपट. छापणाऱ्याची काही चूक नव्हती. पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. आता मी खोलीतल्या उजेडात पडद्यावर पांढरं पान उघडते आणि शेजारी कोरा कागद धरते. दोन्ही साधारण सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवते. याच आकाराच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ५४०० बाय ३६०० ठिपके लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा पुरतो. फक्त कापताना हात आखडता ठेवायचा.

त्या दिवशी दुपारी आम्ही एकच फोटो दोनदा केला. आधी एनएक्स स्टुडिओत. पाच मिनिटांत कॅमेऱ्यासारखा फोटो आला, हायलाइट, म्हणजे फार उजळ भाग, उतरवल्यावर पाठीवरची पिसं दिसायला लागली. मग डार्कटेबलमध्ये. पहिल्यांदा तोच फोटो फिका आला आणि त्याचा चेहरा उतरला. एक्सपोजर धुक्याकडे बघून ठरवलं, पक्ष्याकडे बघून नाही. मग टोन मॅपिंगने पांढऱ्याला आवरलं. निळसरपणा काढताना मी त्याला थांबवलं. पहाटेचं धुकं निळसरच असतं, सगळा काढलास तर दुपार होईल. अर्धा ठेवला. तास गेला, पण मागच्या पाण्यावरचा पातळ पिवळा उजेड यात दिसत होता, पहिल्यात नव्हता.

निवड त्याच्यावर सोडली. महिनाभर दोन्ही वापर म्हटलं, पण एकाच प्रकारच्या फोटोंवर, म्हणजे तुलना खरी होईल.

पुढच्या गुरुवारी रात्री त्याचा मेसेज आला. फोल्डरचा स्क्रीनशॉट होता, प्रत्येक फोटोखाली तेच नाव असलेली एकेक छोटीशी फाइल. "काकू, या एवढ्या एक्सएमपी फाइल कशाच्या आहेत? जागा खातायत का? डिलीट करू?"

मी मेसेज टाइप करत बसले नाही, सरळ फोन लावला. "हात लावू नकोस. तुझं सगळं काम त्यातच आहे." मग तो लाइनवर असतानाच त्याच्याकडून अख्खा फोल्डर, फोटो आणि चिठ्ठ्या दोन्ही, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घेतला. ती डिस्क लॅपटॉपला लावून चित्रबलाक उघडायला सांगितला.

"आला," तो म्हणाला. "धुकं निळंच आहे."